फिरत्या घराची वीज

घराला चाके लावावीत, म्हाताऱ्या आईवडिलांना आणि लेकराबाळांना त्यात बसवावे आणि चार तीर्थे, चार किल्ले, चार नद्या पाहून यावे, ही हौस आता केवळ मोठ्या शहरांतल्या पैसेवाल्यांची राहिलेली नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. आमचे चारठाणे जिंतूरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, जुन्या देवळांचे आणि बारवेचे गाव. अशा गावातही आता चार घरे मिळून एखादी जुनी खासगी बस घ्यावी, तिच्यातली बाके काढून झोपायची सोय करावी, काशीला जाऊन यावे, आषाढीला दिंडीमागे न्यावी, अशा गोष्टी पारावर ऐकू येतात.

बेत चांगला आहे. गाद्यांचा विचार होतो, स्वयंपाकाच्या ओट्याचा होतो, पाण्याच्या टाकीचा होतो. विजेची गोष्ट निघाली की मात्र एकच उत्तर ऐकू येते : "मोठा डायनामो बसवून टाकू." या एका वाक्याचाच आज आपण नीट विचार करू. कारण रात्री बसमध्ये आठदहा माणसे झोपलेली असतात. वायर तापून पेटली तर त्यांना जागे व्हायलाही वेळ मिळत नाही. आणि पहाटे सेल्फ मारल्यावर इंजिन नुसते कण्हून गप्प बसले, तर परक्या मुलखात ती बस ढकलायला माणसे कुठून आणायची?

मी इंजिनिअर नव्हे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा माणूस आहे. पण हा प्रश्न मुळात जमाखर्चाचाच आहे, आणि जमाखर्च मांडायला इंजिनिअरच लागतो असे नाही.

आधी हे यंत्र काय आहे ते पाहू. गॅरेजातले कारागीर त्याला अजून सवयीने डायनामो म्हणतात. खरे नाव अल्टरनेटर. इंजिन फिरले की पट्ट्याने हे यंत्र फिरते आणि त्यातून वीज निघते. तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवला की तारेत वीज उत्पन्न होते, हे फॅरेडेने १८३१ साली दाखवले. सगळी करामत तेवढ्यावर उभी आहे. जुन्या डायनामोत वेटोळी फिरत आणि सगळी वीज कार्बनच्या ब्रशांमधून बाहेर घ्यावी लागे. निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ साली आपल्या मुलखात बसगाड्या सुरू केल्या, तेव्हाच्या मोटारींत हेच डायनामो असत. इंजिनचे फेरे कमी झाले की त्यांची वीज आटे. थांब्यावर बस उभी राहिली की दिवे मिणमिणत, हे जुन्या माणसांना आठवत असेल.

अल्टरनेटरने ही मांडणी उलटी केली. यात चुंबक फिरतो आणि वेटोळी जागीच राहतात. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज निघते; सिलिकॉनचे डायोड ती एका दिशेने वळवतात आणि बॅटरीला देतात. हे डायोड स्वस्त आणि टिकाऊ झाले तेव्हा अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीने १९६० सालच्या आपल्या व्हॅलियंट मोटारीत अल्टरनेटर बसवला, आणि पुढे सगळ्या जगाने तोच मार्ग धरला. अल्टरनेटर थोड्या फेऱ्यांनाही वीज देतो. थोडी देतो, सगळी नव्हे. हा फरक पुढे उपयोगी पडेल.

आता जमाखर्च. पहिल्याने खर्च मांडू, कारण घर खर्चावर चालते. बसमध्ये पाच वॅटचे सहा दिवे पाच तास जळाले, तर १५० वॅट-तास. बॅटरीवर चालणारे पंचवीस वॅटचे चार लहान पंखे आठ तास, म्हणजे ८००. सहा मोबाइल भरायला सुमारे ९०. पाण्याचा साठ वॅटचा पंप अर्धा तास, म्हणजे ३०. आणि बॅटरीवरचा लहान फ्रिज ठेवलाच, तर दिवसरात्रीचे सुमारे ६००. बेरीज झाली १६७०. बसची बॅटरी चोवीस व्होल्टची असते. चोवीसाने भागले की साधारण ७० अँपिअर-तास. हा आपला रोजचा खर्च.

शिशाच्या बॅटरीचा एक स्वभाव असा की तिच्यातून सत्तर काढायचे तर भरताना सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी घालावे लागतात. बाकीचे उष्णतेत जाते. दुसरा स्वभाव असा की तिला रोज निम्म्याच्या खाली उतरवले तर तिचे आयुष्य भराभर सरते. म्हणून सत्तरच्या खर्चाला दीडशे अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या, एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्टच्या केलेल्या, एवढा साठा हवा. घरच्या इन्व्हर्टरला लावतात त्या नळीच्या बॅटऱ्या चालतात. दोन्ही मिळून वजन शंभर किलोच्या आसपास जाते, ते जमेत धरा.

आता जमेची बाजू. अल्टरनेटरच्या पाटीवर समजा ६० अँपिअर लिहिले आहे. हा आकडा परीक्षेतल्या मार्कांसारखा असतो. ती परीक्षा अल्टरनेटर मिनिटाला ६००० फेरे घेत असताना आणि भोवतालची हवा २३ अंशांची असताना घेतलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात २३ अंश पहाटेसुद्धा मिळणे कठीण. बॉनेटखाली इंजिनशेजारी काय असेल याची कल्पना करा. तापलेला अल्टरनेटर पाटीपेक्षा कमीच देतो. साठाचे पंचेचाळीस धरून चाला.

फेऱ्यांचा हिशेबही सोपा आहे. इंजिनची पुली १८ सेंटीमीटरची आणि अल्टरनेटरची ६ सेंटीमीटरची असेल, तर इंजिनच्या एका फेऱ्याला अल्टरनेटर तीन फेरे घेतो. उभ्या बसचे इंजिन ६५० फेऱ्यांवर गुरगुरत असते. म्हणजे अल्टरनेटरचे १९५० फेरे. वाटेला लागल्यावर १८०० चे ५४०० होतात. म्हणजे बस चालत असेल तरच पाटीवरच्या आकड्याच्या जवळ जाता येते. उभ्या बसचे इंजिन तासन् तास चालू ठेवून बॅटरी भरणे हा आतबट्ट्याचा व्यवहार. डिझेल जळते, अल्टरनेटरचा स्वतःचा पंखा मंद फिरत असल्याने तो तापतो, आणि धूर झोपलेल्या माणसांच्या खिडकीत शिरतो. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे विसरू नका.

या पंचेचाळिसातून बसचा स्वतःचा खर्च आधी वजा करायचा. रात्रीच्या पावसात पुढचे-मागचे दिवे, वायपर, इंजिनची विजेवरची यंत्रणा हे सगळे वीस अँपिअरच्या घरात जाते. उरले पंचवीस. त्यातले वीस घरासाठी घेतले, पाच हाताशी ठेवले.

आता दोन प्रवास डोळ्यांपुढे आणा.

पहिला प्रवास काशीचा. बस रोज पाच तास धावते. वीस अँपिअर, पाच तास, म्हणजे शंभर. आपल्याला हवे होते सत्त्याऐंशी. जमा खर्चापेक्षा जास्त आहे. नवा अल्टरनेटर घ्यायची गरजच नाही. बसचा मूळचा अल्टरनेटर पुरतो.

दुसरा प्रवास वारीचा. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट पालखी अठरा-वीस दिवस चालते. शेगावची पालखी आपल्या परभणी-गंगाखेडावरून जाते, तिचाही वेग माणसाच्या पावलांचाच. दिंडीमागची गाडी दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर जाते. म्हणजे इंजिन धड चालते एखादा तास. वीस अँपिअरने एका तासात वीस घातले, त्यातले वापरायला मिळणार सोळा. खर्च मात्र सत्तर. दीडशेचा भरलेला साठा पहिल्या रात्रीनंतर ऐंशीवर येतो, दिवसा शहाण्णव होतो, दुसऱ्या रात्रीनंतर सव्वीसवर उतरतो. तिसऱ्या रात्री अंधार.

इथेच कोणी म्हणेल, "म्हणूनच मोठा डायनामो हवा!" बरे, शंभर अँपिअरचा दुसरा अल्टरनेटर बसवू. काय होईल? दीडशेची शिशाची बॅटरी एका वेळी वीसपंचवीस, फार तर तीस अँपिअर घेते. भरत आली की त्याहून कमी. रांजणाचे तोंड अरुंद असेल तर वर मोट रिकामी केली तरी पाणी बाहेरच सांडणार. एका तासात तीस घातले, चोवीस हाती आले. म्हणजे सोळाच्या जागी चोवीस. तिसऱ्या रात्रीचा अंधार काही टळला नाही, आणि दरम्यान हजारो रुपये खर्ची पडले. आजच्या बोलण्यातले मुख्य सूत्र हेच : अल्टरनेटर निवडताना पाटीवरच्या आकड्याआधी दोन गोष्टी मोजा. बस रोज किती तास धावणार, आणि बॅटरी तासाला किती घेणार.

मग वारीला काय करायचे? घरात उत्पन्न वाढत नसेल तेव्हा शहाणा माणूस करतो तेच. खर्च आवरायचा आणि दुसरे उत्पन्न शोधायचे. फ्रिज बंद ठेवला आणि एक पंखा कमी केला, तर खर्च ८७० वॅट-तासांवर, म्हणजे ३६ अँपिअर-तासांवर येतो. बसच्या टपावर ५०० वॅटचे सौर पत्रे बसवले, तर उन्हाळ्यात ते दिवसाला दोन हजार वॅट-तासांपर्यंत देतील. आषाढातल्या आभाळात तेवढे मिळणार नाहीत, साडेसहाशे धरा. बॅटरीतली घट जाऊन एकवीस अँपिअर-तास उरतात. त्यात इंजिनाचे सोळा मिळवले की सदतीस. छत्तिसाला सदतीस. ताळेबंद जेमतेम जुळतो, पण जुळतो. सलग दोन दिवस झड लागली तर पंखे बंद करावे लागतील; तेव्हा हवाही गारच असते.

लिथियमच्या बॅटरीचे आता बरेच नाव झाले आहे. ती हलकी असते, खूप खोलवर वापरता येते आणि भराभर भरते. तिच्या रांजणाचे तोंड रुंद आहे. पण म्हणूनच ती अल्टरनेटरला सोसत नाही. मागेल तेवढी वीज ती ओढत राहते. अल्टरनेटर सतत पूर्ण भाराने चालून तापतो आणि त्याची वेटोळी किंवा डायोड जळतात. शिवाय धोका दिसला की लिथियम बॅटरीतली राखणदार यंत्रणा एकाएकी दार लावून घेते. त्या क्षणी वाहत्या विजेला जायला वाट उरत नाही, व्होल्टेज उसळते आणि डायोड फुटतात. म्हणून लिथियमची बॅटरी अल्टरनेटरला थेट जोडू नये. मध्ये डी.सी. ते डी.सी. चार्जर नावाची पेटी घालावी. ती ठरवलेल्या अँपिअरपेक्षा जास्त घेत नाही, बॅटरीला हवे तेच व्होल्टेज देते आणि इंजिन बंद झाले की घराची आणि इंजिनची बॅटरी वेगळी करते.

तेव्हा मार्ग तीन. मूळ अल्टरनेटर ठेवून वीस अँपिअरचा असा चार्जर बसवणे, हा पहिला. मूळचा काढून मोठा लावणे, हा दुसरा. घरासाठी स्वतंत्र दुसरा अल्टरनेटर लावणे, हा तिसरा. बहुतेक कुटुंबांना पहिला मार्ग पुरतो. शिशाच्या बॅटरीलाही तोच चांगला. दुसरा मार्ग बसचा स्वतःचा भार वाढला असेल तेव्हा. तिसरा मार्ग लिथियमचा मोठा साठा आणि रोजचा लांब प्रवास, दोन्ही असतील तेव्हाच. त्यात एक फायदा निश्चित : एक बिघडला तरी दुसऱ्यावर घर गाठता येते.

तिसरा मार्ग घेणाऱ्यांनी एक हिशेब करावा. २८ व्होल्टने ८० अँपिअर म्हणजे २२४० वॅट. अल्टरनेटर इंजिनकडून घेतो त्याच्या साधारण साठ टक्केच विजेत उतरवतो; म्हणजे इंजिनवर पाच अश्वशक्तींचा भार. तो सगळा एका पट्ट्यावर येतो. जुना अरुंद पट्टा घसरतो, किंचाळतो, झिजून काळी भुकटी पाडतो. पट्टा जोडीचा किंवा रुंद दात्यांचा असावा.

आता बसवण्याकडे वळू. आमच्या गावच्या देवळांतले दगड ज्यांनी घडवले त्यांनी सगळा भरवसा सांध्यावर ठेवला. इथेही काम सांध्याचेच आहे. अल्टरनेटरचे ब्रॅकेट इंजिनच्या अंगावरच बसले पाहिजे, चासीवर नव्हे. इंजिन रबरी बैठकीवर हलते, चासी हलत नाही. दोघांत पट्टा ताणला तर तो टिकणार कसा? दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत की नाहीत हे दोरी लावून पाहावे. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर सेंटीमीटरभर दबावा. फार ढिला असला तर घसरेल, फार ताठ असला तर बेअरिंग खाईल. दोनएकशे किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा ताण तपासावा, कारण नवा पट्टा थोडा सैल होतोच.

वायरीत कंजूषपणा नको. अल्टरनेटरपासून घराच्या बॅटरीपर्यंत पाच मीटर अंतर असेल, तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबे लागते. साठ अँपिअर वाहताना दहा चौरस मिलिमीटरच्या वायरीत एक व्होल्ट वाटेतच हरवतो. अठ्ठावीसच्या जागी बॅटरीला सत्तावीसच मिळतात, आणि ती कधीच पूर्ण भरत नाही. पंचवीस चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. परतीची वायरही तितकीच जाड घ्यावी. गंजलेल्या चासीवर विसंबू नये. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी कडे घालावे, आणि डिझेलच्या नळीपासून व सायलेन्सरपासून ती दूर ठेवावी.

फ्यूज कुठे बसवायचा? बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतराच्या आत. पुष्कळ ठिकाणी तो दिव्यांच्या पेटीत, लांब टोकाला बसवलेला असतो. मधल्या वायरीचे साल निघून ती पत्र्याला लागली तर तो फ्यूज काय करणार? आग लावण्याइतकी वीज बॅटरीत असते. राखणदार तिच्याच दाराशी हवा. वायरीच्या दुसऱ्या टोकाला अल्टरनेटर असला तरी नियम तोच.

आणखी चार गोष्टी. अल्टरनेटरला हात लावण्याआधी बॅटरीची उणे बाजू सोडवा. इंजिन बंद असले तरी अल्टरनेटरच्या जाड वायरीत वीज असते. इंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडवू नका. डायोड तत्क्षणी जातील. पलंग आणि मांडण्या बसवताना वेल्डिंग होणारच. त्याआधी बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्हींच्या जोडण्या काढा. आणि बारा व्होल्टचा रेडिओ किंवा पंखा चालवायला दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच तार काढण्याची जी खोड आहे, ती सोडा. एक बॅटरी उपाशी राहते, दुसरीचे पाणी उकळून उडते, आणि सहा महिन्यांत दोन्ही जातात. त्यासाठी चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर मिळतो.

शिशाची बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सुटतो. म्हणून ती पलंगाखाली बंद पेटीत ठेवू नका. बाहेर उघडणाऱ्या कप्प्यात ठेवा, वरून हवा जायला जागा ठेवा, आणि गॅसच्या टाकीपासून वेगळी ठेवा.

काम झाल्यावर शेपन्नास रुपयांचा नव्हे, पण साधा चांगला व्होल्टमीटर चालकासमोर लावा. सकाळी इंजिन बंद असताना तो पंचवीस-साडेपंचवीस दाखवील; इंजिन चालू झाले की साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस. तीसकडे झुकू लागला तर रेग्युलेटर बिघडला. सव्वीसवरच राहिला तर पट्टा, जोडणी किंवा डायोड पाहा.

शेवटी कायद्याचे दोन शब्द. मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीत असे फेरफार मनमानीने करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे ठासून सांगितले आहे. फिरत्या घरांसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. तेव्हा करवत हातात घेण्याआधी परिवहन कार्यालयात जाऊन विचारा. एस.टी.ची मोडीत निघालेली बस स्वस्तात घेऊ, असे पुष्कळांच्या मनात असते. पण केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे पंधरा वर्षे झालेल्या सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या भंगारातच काढाव्या लागतात. तो बेत मनातून काढलेला बरा.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, "एवढ्या खटाटोपापेक्षा धर्मशाळा बरी." तसे नाही. खटाटोप एकदाच करायचा आहे. गाडी घेण्याआधी एका संध्याकाळी घरातल्या सर्वांनी बसून कागदावर दोन रकाने आखा : एकात रात्रीचा खर्च, दुसऱ्यात दिवसाचे धावण्याचे तास. तो कागद घेऊन मगच गॅरेजात जा आणि कारागिराला विचारा. चांगला कारागीर असा कागद पाहून खूश होतो. आणि जो कागद न पाहताच "मोठा टाकून देऊ" म्हणेल, त्याच्याकडून चहा प्या, राम राम करा आणि पुढचे गॅरेज पाहा.